वर्तुळात मांडायचे स्पीकर: १६ बाय १२ च्या खोलीसाठी काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात १६ बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली रिकामी आहे. चार कॅप्सूलच्या (एकाच डोक्यात बसवलेल्या चार ध्वनिग्राहकांच्या) अँबिसॉनिक, म्हणजे सगळ्या बाजूंचा आवाज दिशांसह टिपणाऱ्या, मायक्रोफोनवर सह्याद्रीत आणि वारीच्या वाटेवर केलेली ध्वनिमुद्रणं तिथे चहूबाजूंनी ऐकायची आहेत, जमलं तर मिक्सही करायची आहेत, आणि घरच्यांसाठी त्याच व्यवस्थेवर सिनेमा लागला पाहिजे. बजेट तीन लाख. चार भारी स्पीकर घ्यावेत की आठ साधे? घरात जुन्या टॉवर स्पीकरची जोडी आहे, ती पुढे लावली तर चालेल का?

चार नकोत आणि आठही नकोत. सात घ्या, सगळे एकाच मॉडेलचे, आणि सोबत एक सबवुफर. टॉवरचं शेवटी बोलू.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्तुळातला स्पीकर एकटा ऐकून निवडायचा नसतो. स्टिरिओची जोडी घेताना आपण त्या स्पीकरचा स्वभाव ऐकतो: हा जरा गोड वाजतो, त्याचा खर्ज भरीव आहे, वगैरे. वर्तुळात मात्र आवाज बहुतेक वेळा दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा राहायला हवा. डावीकडून मागे उडत गेलेला पक्षी एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, आणि त्या क्षणी त्याचा रंग बदलला तर कानाला पक्षी ऐकू येत नाही, स्पीकर ऐकू येतात. भजनी मंडळात एकच टाळ वेगळ्या धातूचा असला की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं, तसंच हे. म्हणून चार उत्कृष्ट आणि तीन बरे यापेक्षा सात सारखे आणि बरे हे केव्हाही चांगलं. आणि सातच्या जागी आठ विकत घ्या: सात वाजवायला, एक कपाटात. कंपन्या मॉडेल बदलतात. चार वर्षांनी एखाद्याचा ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा भोंगा) गेला आणि बाजारात फक्त नवी आवृत्ती असली, तर एका स्पीकरपायी सगळं वर्तुळ बदलायची वेळ येते.

आता सातच का. सहा स्पीकर षटकोनात मांडा, पण एक कोपरा नाकासमोर येईल असे नकोत. समोर षटकोनाची बाजू यावी. म्हणजे जागा होतात दोन्हीकडे ३०, ९० आणि १५० अंशांवर. या मांडणीची गंमत अशी की पुढची ३० अंशांची जोडी म्हणजे नेहमीचा स्टिरिओ. बाजूची ९० वरची जोडी ही ७.१ मधल्या, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवुफर अशा सिनेमाच्या मांडणीतल्या, बाजूच्या सराउंडची (भोवतालच्या आवाजाच्या स्पीकरची) मान्य जागा आणि १५० वरची मागच्या सराउंडची. मध्ये शून्य अंशावर सातवा स्पीकर ठेवला की सिनेमाचा सेंटरही झाला. एकही स्पीकर न हलवता अँबिसॉनिक, स्टिरिओ आणि ७.१ तिन्ही मिळतात. अँबिसॉनिक ऐकताना मधला बंद ठेवायचा. अष्टकोनाला हे जमत नाही, तो कसाही फिरवला तरी दोन्हीकडे ३० अंशांवर जोडी बसत नाही.

आठ नको म्हणण्याचं दुसरं कारण तुमच्या मायक्रोफोनमध्येच आहे. तो पहिल्या ऑर्डरचा आहे; ऑर्डर म्हणजे दिशा किती बारकाईने टिपली त्याची पायरी. मायकेल गर्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ज्या चार सिग्नलवर हे शास्त्र उभं केलं, तेच चार तुमच्या फायलीत असतात: एक सगळीकडून सारखं ऐकणारा आणि तीन दिशांचे तीन. एवढ्या माहितीतून माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या जागेत मूळ ध्वनिलहर खरोखर पुन्हा उभी राहते ती साधारण ६०० ते ७०० हर्ट्झपर्यंतच. त्याच्या वर काम मेंदूच्या अंदाजावर चालतं. पहिल्या ऑर्डरला आडव्या वर्तुळात किमान चार स्पीकर लागतात, सहा उत्तम. त्यापुढे संख्या वाढवत गेलात तर प्रत्येक आवाज एकाच वेळी जास्त जास्त स्पीकरमधून, जवळपास सारखाच येऊ लागतो. डोकं इंचभर हललं की वरच्या पट्टीत ते एकमेकांना खाऊ लागतात आणि आवाज मंद, झाकल्यासारखा होतो. जास्त स्पीकर म्हणजे जास्त स्पष्ट दिशा, हे फक्त ऑर्डर वाढवली तरच खरं. षटकोन दुसऱ्या ऑर्डरपर्यंत पुरतो, म्हणजे उद्या चांगला मायक्रोफोन आला तरी थोडी वाट शिल्लक आहे.

खोलीची रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे मध्यापासून भिंत १.८३ मीटरवर. बाजूच्या स्पीकरच्या मागे थोडी जागा हवी, म्हणून वर्तुळाची त्रिज्या १.४ मीटर धरा. ही त्रिज्या ठरली की किती मोठा स्पीकर लागेल हेही ठरतं, आणि इथे लोक उगाच घाबरतात. घरच्या खोलीत एका चॅनेलची संदर्भपातळी ७६ ते ७९ डेसिबल पुरे. ७९ धरा, त्यावर अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजांसाठी २० डेसिबल मोकळे ठेवा, कानाशी ९९ झाले. १.४ मीटर अंतराने घटतात सुमारे ३ डेसिबल, म्हणजे एक मीटरवर १०२ देणारा स्पीकर हवा. चांगला पाच इंची वुफरचा (खालच्या पट्टीच्या भोंग्याचा) मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत वापरतात तसला स्पीकर, एवढं देतो, विशेषतः ८० हर्ट्झच्या खालचं ओझं सबवुफरकडे गेलं असेल तर. आठ इंची घेऊन या खोलीत फक्त जागा अडेल. मात्र माहितीपत्रकातला कमाल पातळीचा आकडा नीट वाचा. काही जण तो जोडीचा देतात, आणि जोडीचा आकडा एकट्यापेक्षा ३ ते ६ डेसिबलने फुगलेला असतो. सिनेमातला संवाद एकटा सेंटर उचलतो, त्याच्या मदतीला कोणी नसतं.

ज्या आकड्याकडे कोणी बघत नाही, तो तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे: स्पीकरचा स्वतःचा आवाज. ॲक्टिव्ह मॉनिटरच्या आत ॲम्प्लिफायर असतो आणि काहीही वाजत नसताना ट्वीटरमधून बारीक ‘स्स्स’ येत राहतो. जोडीत तो खपून जातो. सात स्पीकर समान अंतरावरून तोच सोडू लागले की साडेआठ डेसिबलची भर पडते. समजा, एकाचा हा ‘स्स्स’ एक मीटरवर २० डेसिबल आहे. त्रिज्येमुळे ३ वजा करा, साडेआठ मिळवा, कानाशी पंचवीसच्या पुढे जातो. गाण्यात हे कळणारही नाही, पण पहाटे चार वाजता देवराईत केलेल्या ध्वनिमुद्रणात तुम्ही जी शांतता पकडली आहे, तिच्यावर हा पडदा कायमचा बसेल. चांगल्या कंपन्या हा आकडा छापतात. दहा किंवा त्याहून कमी असेल तर निर्धास्त घ्या. आकडा दिलाच नसेल तर रात्री पंखा बंद करून दीड मीटरवर बसून ऐका.

त्याच ओघात आणखी एक. हल्ली बऱ्याच मॉनिटरमध्ये वीज वाचवण्यासाठी आपोआप झोपण्याची सोय असते. काही मिनिटं सिग्नल ठरावीक पातळीखाली राहिला की स्पीकर बंद होतो आणि मोठा आवाज आला की जागा होतो. तुमच्या प्रकारच्या ध्वनिमुद्रणात मागचे दोन स्पीकर हमखास झोपतील, आणि मोर ओरडला की अर्धा सेकंद उशिरा उठतील. ही सोय बंद करण्याचं बटण किंवा स्विच मागे आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. नसेल तर तो मॉडेल बाद, मग तो कितीही छान वाजो.

आता गुणवत्तेबद्दल. समोरून मोजलेला सपाट आलेख (सगळ्या पट्ट्या सारख्याच जोरात) आज स्वस्त स्पीकरही दाखवतात. वर्तुळात तुमच्या कानावर येणाऱ्या आवाजाचा मोठा भाग भिंतींवरून येतो, म्हणजे स्पीकरने बाजूला, वर आणि खाली फेकलेला. तो समोरच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा असेल तर खोली स्वतःचा सूर लावते. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन या ऑडिओ कंपनीत अनेक वर्षं केलेल्या श्रवणचाचण्यांतून हेच निघालं: लोकांना आवडतात ते समोर सपाट आणि बाजूला गुळगुळीत उतरत जाणारे स्पीकर. त्यातूनच सीटीए-२०३४ हे मोजणीचं मानक आलं. त्यात स्पीकर दर १० अंशांवर, आडवा आणि उभा फिरवून ७० ठिकाणी मोजतात. तुमच्या बजेटमधल्या बऱ्याच पाच इंची मॉनिटरची अशी मोजमापं इंटरनेटवर सहज सापडतात. बघायचं एवढंच की बाजूचे वक्र समोरच्या वक्राशी समांतर उतरतात का, की दोन ते तीन किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे वुफर ट्वीटरकडे काम सोपवतो, तिथे मध्येच खड्डा आणि मग फुगवटा येतो. खड्डा असेल तर पुढे जा.

याच कारणाने सेंटरसाठी म्हणून मिळणारा आडवा डबा, दोन वुफर आणि मध्ये ट्वीटर असलेला, तुमच्याकडे नको. दोन वुफर शेजारी ठेवले की आडव्या दिशेत ते एकमेकांना कापतात, आणि लोक तर सोफ्यावर आडवेच पसरून बसलेले असतात. सिनेमासाठी मिळणारे, दोन बाजूंना आवाज फेकणारे डायपोल सराउंडही बाद. पसरट, दिशाहीन आवाज हाच त्यांचा हेतू असतो. ट्वीटर वुफरच्या केंद्रातच बसवलेले समअक्षीय स्पीकर मात्र जरूर ऐका. टॅनॉयने १९४७ पासून आणि केईएफने १९८८ पासून अशी युनिट बनवली आहेत. त्यांच्यात वर-खाली हललं तरी क्रॉसओव्हरपाशी आवाज फाटत नाही. हा फायदा तुम्हाला नेहमीपेक्षा जास्त आहे, कारण या खोलीत कोणी खुर्चीत बसेल, कोणी गादीवर.

सात सारखे स्पीकर घेतलेत तरी ते सारखे वाजणार नाहीत. भिंती त्यांना वेगळं करतात. बाजूच्या स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून सुमारे ४३ सेंटिमीटरवर येतो. मागे गेलेली खालची लहर भिंतीवर आपटून परत येते, आणि हे अंतर ज्या लहरीच्या पाव लांबीइतकं असतं तिथे ती मूळ आवाजाला खाते. इथे तो खड्डा येतो २०० हर्ट्झपाशी, पुरुषी आवाजाच्या आणि पखवाजाच्या ऐन भरात. तुमची वारीची दिंडी बाजूने जाताना अचानक पातळ झाली, तर दोष मायक्रोफोनचा नसेल. उपाय इक्वलायझर नव्हे. स्पीकरच्या मागे भिंतीवर चार इंच जाडीचं रॉकवूलचं पॅनेल लावा, त्यासाठीच त्रिज्या आखडती घेतली. पॅनेलचा खर्च स्पीकरच्या खर्चातच धरा.

पुढचे स्पीकर मात्र भिंतीपासून लांब ठेवता येतील, आणि तसे ठेवाच. बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर घेऊ नका, लांबीच्या दिशेने तर नाहीच. ही खोली लांबीत ३५ हर्ट्झला आणि रुंदीत ४७ हर्ट्झला घुमते, आणि दोन्ही घुमारे नेमके मध्यावर शून्य होतात. समोरच्या भिंतीपासून २.९ मीटरवर बसा. मग पुढची जोडी भिंतीपासून १.७ मीटरवर येते, तिचा खड्डा ५० हर्ट्झपाशी उतरतो, म्हणजे जो भाग ती वाजवणारच नाही त्यात. मागच्या जोडीचा ११० च्या आसपास राहील, तिथे मागच्या भिंतीवर जाड पॅनेल लावून जेवढं होईल तेवढं. रुंदीत मात्र मध्यावरच बसावं लागेल, नाहीतर डावं-उजवं बिघडेल.

सबवुफर ८० हर्ट्झच्या खाली सगळ्यांचं काम करेल. तिथली दिशा कानाला जवळजवळ कळत नाही. जागा शोधायची जुनी रीत अजून सगळ्यात स्वस्त आहे: सबवुफर बसायच्या जागी ठेवा, खर्जाचा तुकडा चालू करा, आणि भिंतीच्या कडेने रांगत जिथे आवाज सगळ्यात एकसारखा येईल तिथे त्याला नेऊन ठेवा. सिनेमाच्या एलएफई (फक्त खोल खर्जासाठी राखलेल्या) चॅनेलला बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त द्यायचे असतात. स्वतः जुळवाजुळव करणारे हे नेहमी विसरतात आणि मग सबवुफर कमजोर निघाला म्हणतात. अँबिसॉनिक फायलीत एलएफई नसतो, तिथे सगळीकडून ऐकणाऱ्या पहिल्या सिग्नलचा खालचा भाग सबकडे पाठवा.

ॲक्टिव्ह घ्यायचे हे मी गृहीत धरूनच लिहिलं. रिसीव्हर (सगळे ॲम्प्लिफायर एकत्र असलेला डबा) आणि पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर नसलेले, स्पीकर ही वाट वाईट नाही: संगणकातून एचडीएमआयने आठ चॅनेल थेट जातात आणि खर्जाची वाटणीही तोच करतो. पण रिसीव्हरवर छापलेले वॅट बहुतेक दोन चॅनेल चालू असतानाचे असतात, सातही एकदम मागितले की तो आकडा टिकत नाही. मिक्स करायचं असेल तर आठ लाइन आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (संगणकातला आवाज स्पीकरकडे नेणारा डबा) घ्या. सात स्पीकर आणि एक सब, हिशेब बरोबर बसतो. त्याला ऑप्टिकल अडाट आउटपुट (एका प्रकाश-तारेतून अनेक चॅनेल नेणारी जोडणी) असू द्या, पुढे ४८ किलोहर्ट्झवर आणखी आठ चॅनेल त्यातून काढता येतात. एकाच बटणाने आठही आउटपुटचा आवाज कमी-जास्त होतो का, हे पाहून घ्या. घरच्यांसाठी एक अडचण मात्र आधीच माहीत असू द्या: संगणकावर ब्राउझरमध्ये लावलेला ओटीटीवरचा सिनेमा बऱ्याचदा नुसता स्टिरिओ येतो. डिस्क किंवा फाइल असेल तर पूर्ण ५.१ किंवा ७.१ मिळतो.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या. आठही प्लग एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर हवेत, आणि ते अर्थिंग खरंच आहे का हे तपासून. जुन्या इमारतीत तिसऱ्या भोकात नुसतीच हवा असते. गुणगुण आली म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. केबल सगळ्या बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली गुणगुण रद्द करणाऱ्या.

स्टँड विकत घेऊ नका. दोन इंची चौकोनी पाइपचे फॅब्रिकेटरकडून करून घ्या, पाइपात कोरडी वाळू भरा, सगळे एका उंचीचे. खुर्चीत बसलात तर ट्वीटर ११० ते १२० सेंटिमीटरवर यावा. खोलीत गादी-तक्क्यांची बैठकच असणार असेल तर ७५ ते ८० वर, आणि हे आधी ठरवा, नंतर पाइप कापणं सोपं पण जोडणं कठीण. वुफरची कड रबराची हवी. फोमची कड आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. पोर्ट (खर्जासाठी डब्याला ठेवलेली हवेची नळी) पुढे असलेला मॉडेल मिळाला तर बाजूच्या भिंतीपाशी बरं. पोर्टला बारीक जाळी लावा. कुंभारीण माशीला ती नळी फार आवडते.

दुकानात जाल तेव्हा एक नव्हे, दोन स्पीकर जोडायला सांगा आणि दोन्हीत एकच मोनो आवाज सोडा, शक्यतो रोज ऐकता त्या माणसाचं बोलणं. आवाज बरोबर मध्ये, हाताच्या मुठीएवढा उभा राहिला पाहिजे. पसरला किंवा वरच्या अक्षरांत एका बाजूला सरकला, तर ती जोडी जुळलेली नाही. मग उठून बाजूला चाला. लांबून, तिरक्या कोनातून तेच बोलणं तसंच वाटतं का? दुकानदाराने लावलेलं चकचकीत गाणं ऐकून काहीही कळत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत केबल आणि जोडण्या मिळतील, पण स्पीकर मात्र परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्याकडूनच घ्या, आठही एकाच खेपेचे.

लावून झाल्यावर टेपने सहाही अंतरं मोजा, दोन-तीन सेंटिमीटरची चूक चालेल. सेंटर टीव्हीमुळे मागे सरकला तर दर ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद या हिशेबाने बाकीच्यांना उशीर द्या. पिंक नॉइजने (चाचणीसाठीच्या सलग खरखरीने) प्रत्येकाची पातळी सारखी करा, फोनवरचा मीटर तुलनेपुरता चालतो. डिकोडरसाठी, म्हणजे फायलीतल्या चार सिग्नलमधून प्रत्येक स्पीकरचा वाटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या आयईएम संस्थेचे प्लगइन मोफत आहेत आणि उत्तम आहेत. जवळच्या स्पीकरमुळे खर्ज फुगतो म्हणून जी दुरुस्ती सांगतात, ती या त्रिज्येला ३९ हर्ट्झच्या आसपास लागते, म्हणजे सबच्या राज्यात. तिची काळजी सोडा.

उंचीचे चार स्पीकर वर्षभर तरी घेऊ नका. तुमच्या ध्वनिमुद्रणात वरची माहिती आहे, पण आधी आडवं वर्तुळ नीट ऐकायला लागा. घ्याल तेव्हा त्याच मालिकेतले लहान घ्या आणि स्लॅबमध्ये अँकर मारून प्रत्येकाला वेगळी सुरक्षा साखळी लावा.

आणि टॉवर. नको. पुढे टॉवर, बाकी पाच इंची, म्हणजे समोरचा पाऊस एक आणि मागचा पाऊस दुसरा. शिवाय त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर, वेगळी पातळी, वेगळा उशीर. दिवाणखान्यात गाण्यांसाठी ते छान आहेत, तिथेच राहू द्या. विकायचेच असतील तर आधी विका, म्हणजे सबवुफरला किती पैसे उरतात हे स्पीकरची ऑर्डर देण्यापूर्वी कळेल.